जॅक उचलतो, ओंडका धरतो

गळिताचा हंगाम होता. निपाणी सोडून तवंदी घाटाकडे निघालो, तर हायवेच्या कडेला उसाचा ट्रॅक्टर उभा. मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलेलं, ट्रॉलीत ऊस गच्च भरलेला. पंक्चरवाल्या पोरानं आखाखाली बाटलीएवढा जॅक सरकवला. एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातानं दांडा खालीवर. चहा संपायच्या आत कित्येक टनांची ती ट्रॉली चार बोटं वर आली. मी बघतच राहिलो. पण त्यानंतर त्यानं जे केलं, ते मी आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं. आखाखाली बाभळीचा एक जाडजूड ओंडका उभा केला, जॅक किंचित सैल सोडून सगळा भार त्या ओंडक्यावर टेकवला, आणि मगच चाक काढायला घेतलं.

“जॅक आहे की खाली,” मी म्हटलं. “मग ओंडका कशाला?”

“जॅक फकस्त उचलतोय ओ मामा,” तो म्हणाला. “धरतंय ते लाकूड.”

त्या दिवसांत मी घरी मोटरसायकल उचलायला काहीतरी घ्यावं म्हणून हिंडत होतो. माझी गाडी क्लासिक ३५०, कंपनीच्या कागदावर १९५ किलो. चेन साफ करणं, ऑइल बदलणं, ब्रेकचे पॅड बघणं ही कामं मी बेळगावात घराच्या पडवीतच करतो. हौस आहे म्हणून करतो आणि आजवर उकिडवा बसून करत आलो. हल्ली गुडघे कुरकुर करायला लागले. तेव्हा ‘लिफ्ट घ्यायची’ एवढं ठरलं होतं. कुठली, ते ठरायला मात्र मला या पोराच्या एका वाक्यापासून सुरुवात करावी लागली.

आमच्या सीमाभागात एका गोष्टीला दोन दोन शब्द मिळतात, ही इथल्या माणसाची फुकटची श्रीमंती. कन्नडात ‘एत्तु’ म्हणजे बैल. आणि ‘एत्तु’ म्हणजेच ‘उचल’. शब्दांची मुळं वेगळी असतील, तो भाषापंडितांचा प्रांत. पण ज्या मुलखात ओझं उचलायचं तर बैलच, तिथं हे दोन्ही शब्द एका उच्चारात येऊन बसावेत याची मला लहानपणापासून गंमत वाटते. आजोळी बैलगाडी होती. बैल सोडले की गाडीचं जू जमिनीवर पडू नये म्हणून पुढं एक लाकडी टेकू असायचा. त्याला म्हणायचे शिपाई. बैल ओढणार, शिपाई उभा राहणार. उचलणारा वेगळा आणि धरणारा वेगळा, हे बैलगाडीला ठाऊक होतं. पंक्चरवाल्या पोराचा ओंडका म्हणजे तोच शिपाई.

पण आधी उचलण्याबद्दल, कारण खरी जादू तिथंच आहे.

एक साधा हिशेब. १९५ किलोची गाडी पाऊण मीटर वर न्यायची. म्हणजे कंबरेच्या जरा खाली, स्टुलावर बसून काम करता येईल इतकी. वजनाला उंचीनं गुणलं की काम निघतं : साधारण १४६. आता सत्तर किलोचा माणूस एक मजला, धरा तीन मीटर, जिना चढून गेला तर काम झालं २१०. म्हणजे गाडी लिफ्टवर चढवण्यापेक्षा गच्चीवर वाळवण आणायला जाण्यात मेहनत जास्त! लिफ्टच्या फळीचं वजन त्यात मिळवलं तरी जिनाच जिंकतो. बेळगावी कुंद्याच्या एका घासात इतकी शक्ती असते, की शरीर त्यातली बरीचशी उष्णता म्हणून वाया घालवतं हे धरूनही गाडी कित्येकदा वर जाईल.

मग आपल्याला गाडी उचलत का नाही? कारण काम कमी असलं तरी ते एकाच झटक्यात करायला आपला हात पुरत नाही. जिना आपण पायरी पायरीनं चढतो. गाडीला पायऱ्या नसतात. लिफ्ट, जॅक, स्टँड, तरफ या सगळ्या युक्त्या एवढंच करतात : गाडीसाठी पायऱ्या पाडून देतात. बळ कमी लावा, पण हात लांबवर हलवा. निसर्ग या सौद्यात एक पैचीही सूट देत नाही. उलट घर्षणाच्या नावाखाली दलाली कापून घेतो.

आपल्या गाडीखाली असलेला डबल स्टँड हीसुद्धा अशीच एक पायरी, आणि मला विचाराल तर जगातली सर्वांत दुर्लक्षित लिफ्ट. स्टँडच्या दांडीवर पूर्ण वजन देऊन उभं राहायचं, गाडी आपणहून मागं आणि वर सरकते. हातानं ओढणारे ओढतात, कंबर धरून बसतात. खरं काम पाय करतो. स्टँडचे पाय जमिनीवर कंसासारखे फिरतात, गाडी त्या कंसाच्या माथ्यावर चढते आणि माथा ओलांडला की पलीकडच्या उतारावर स्वतःच्याच वजनानं घट्ट बसते. माथा ओलांडल्यामुळेच ती परत घसरत नाही. इथं उचलणारा आणि धरणारा एकच आहे, आणि त्याला ना तेल लागतं ना कुलूप. चेनला तेल द्यायचं, मागचं चाक फिरवून बघायचं, एवढंच ज्याचं काम आहे आणि ज्याच्या गाडीला डबल स्टँड आहे, त्यानं पुढं वाचलं नाही तरी चालेल. फक्त इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसू नका. चेन आणि दातेरी चक्राच्या मधे सापडलेलं बोट परत मिळत नाही.

पण नव्या गाड्यांचं काय? माझा भाचा निपाणीला असतो. त्याच्याकडं ड्यूक आहे, आणि ड्यूकला डबल स्टँडच नाही. मग त्याला लागतो पॅडॉक स्टँड. मागच्या चाकाशेजारच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांना खालून पकडायचं, लांब दांडा खाली दाबायचा, चाक वर. शुद्ध तरफ. दोन-तीन हजारांत येतो, भिंतीला टांगून ठेवता येतो. अडचण एकच, ती दुकानात कुणी सांगत नाही : पहिल्या क्षणी एका हातानं गाडी सरळ धरायची असते आणि दुसऱ्या हातानं दांडा दाबायचा असतो. भाच्यानं पहिल्यांदा केलं तेव्हा गाडी त्याच्या मांडीवर आली. आता तो शेजारच्या पोराला हाक मारतो. एकट्यानं करायचंच असेल तर साइड स्टँडखाली फळीचा तुकडा घालून गाडी आधीच जवळजवळ सरळ उभी करावी. मग झोक कमी पडतो.

बेळगावात गाडी दुरुस्तीची सुरुवात कुठून झाली असेल, याचा विचार करताना मला किर्लोस्कर रोड आठवतो. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आणि त्यांचे बंधू रामूअण्णांनी या शहरात सायकलींचं दुकान काढलं. पुढं त्यातूनच चारा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आले. टिळकवाडीच्या बाजूची कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी झाली, तेव्हा ते उठून गेले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या सायकल दुकानात लिफ्ट नव्हती आणि ती लागतही नव्हती. सायकल दुरुस्त करायची तर ती उलटी करतात. सीट आणि हँडल खाली, चाकं आकाशात. आजही गल्लीतला सायकलवाला तेच करतो. मोटरसायकलला हा मार्ग बंद आहे. उलटी केली की पेट्रोल, ऑइल, बॅटरीचं पाणी सगळं जमिनीवर. शिवाय उलटी करणार कोण? लिफ्टचा जन्म या दोन अडचणींतून झाला, असं म्हणायला हरकत नाही.

आता त्या बाटलीच्या जॅकच्या पोटात शिरू. आत दोन नळ्या, एक बारीक आणि एक जाड. बारीक नळीतला दट्ट्या आपण दाबतो, जाड नळीतला दट्ट्या ओझं उचलतो, मधे तेल. बंद तेलाला एका ठिकाणी दाबलं की तो दाब सगळीकडं सारखाच पोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलनं लिहून ठेवलं; त्याचा ग्रंथ तो गेल्यावर १६६३ मध्ये छापला गेला. दाब सारखा, पण जागा मोठी, म्हणून बळ मोठं. बारीक दट्ट्या १० मिलिमीटर रुंद आणि जाड ४० मिलिमीटर असेल, तर रुंदी चौपट पण क्षेत्रफळ सोळापट. वर हाताच्या दांड्याची तरफ बारापट धरा. सोळा गुणिले बारा, एकशे ब्याण्णव. हातानं आठ किलोचा जोर लावा, पलीकडं दीड टन हलतो. आणि किंमत? ओझं एक मिलिमीटर वर जायला हात एकशे ब्याण्णव मिलिमीटर हलतो, वीतभर. चहा संपेपर्यंत दांडा खालीवर करायचा तो त्याचसाठी.

पास्कलला हे कळून शंभर वर्षं उलटली तरी असं यंत्र कुणी बनवू शकलं नव्हतं. दाब वाढला की तेल दट्ट्याच्या कडेनं बाहेर यायचं. कड घट्ट आवळली तर दट्ट्याच हलायचा नाही. १७९५ साली इंग्लंडात जोसेफ ब्रामानं दाबयंत्राचं पेटंट घेतलं, आणि गळतीचं कोडं सुटलं ते चामड्याच्या एका वाटीनं. ही युक्ती त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेची, असं मानतात. ती वाटी तुम्ही पाहिलेली आहे. सायकलच्या पंपातला चामडी वायसर! त्याची कड वाटीसारखी वळलेली असते. हवा दाबली की ती कड बाहेरच्या बाजूनं नळीला चिकटते. दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट. म्हणजे जी ताकद गळती घडवणार, तिलाच पहाऱ्यावर बसवलं. दट्ट्या परत ओढला की कड सैल, हालचाल मोकळी. लहानपणी पंप हवा मारेनासा झाला की आम्ही तो वायसर काढून खोबरेल तेलात भिजवायचो. आपण ब्रामाच्या यंत्राचं काळीज हातात धरलंय, हे कुणाला माहीत होतं! चामड्याला हवं तसं वळवणारे हात आमच्या अथणी-निपाणी पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात बेळगाव जिल्हाही आहे. आजच्या लिफ्टमध्ये चामड्याऐवजी रबर किंवा पॉलियुरेथेनची सील असते, पण आकार तोच, वळलेल्या ओठाचा.

आणि आणखी एक नवल घराजवळच आहे. बेळगाव म्हटलं की बाहेरच्यांना कुंदा आठवतो किंवा सीमाप्रश्न. पण उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहतींमधून फिरा : फाउंड्र्या, मशीन शॉप आणि त्यांच्या मधे हायड्रॉलिक्सचे कारखाने. सुरेश हुंदरे यांनी नावारूपाला आणलेली पॉलिहायड्रॉन मच्छेचीच. तिथं तेलदाबाचे पंप आणि व्हॉल्व्ह बनतात. अशा व्हॉल्व्हमध्ये एक गुळगुळीत दांडी एका भोकात सरकते, आणि दोघांमधली फट काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड. म्हणजे केस आत जाणार नाही आणि तेलही जवळजवळ जाणार नाही, तरी दांडी बोटानं ढकलली तर सरकावी. खानापूर रोडवरून बसनं जाताना खिडकीतून दिसणाऱ्या पत्र्याच्या छपरांखाली असलं काम चालतं.

आता माझ्या मनात असलेल्या लिफ्टकडं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जिला रॅम्प म्हणतात ती : लांब लोखंडी फळी, खाली कात्रीसारखे पाय, बाजूला पायानं मारायचा पंप. गाडी फळीवर चढवायची, पुढचं चाक पकडीत घालायचं, पाय मारत राहायचं. ही कात्री म्हणजे साधं प्रकरण नाही. तिची एक खोड आहे आणि ती मला कळली तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन दुपारभर बसलो.

ओझं तेच, मग ते वर असताना उचलायला जड की खाली असताना? आपण म्हणू, वरच जड जात असणार. कात्रीत उलटं आहे. कात्रीचे पाय मिटलेले, जवळजवळ आडवे असतात तेव्हा त्यांना आत ढकलून उभं करायला सगळ्यांत जास्त जोर लागतो. सोप्या मांडणीत हिशेब असा : पाय जमिनीशी दहा अंशांत असतील तर लागणारं बळ ओझ्याच्या साडेपाचपटींहून जास्त. पंचेचाळीस अंशांत आले की ओझ्याइतकंच. गाडी आणि फळी मिळून अडीचशे किलो धरली, तर पहिल्या हालचालीला चौदाशे किलोंचं बळ लागतं, आणि पुढं लिफ्ट जसजशी चढते तसतसं सगळं हलकं होत जातं. पहिले दहा-पंधरा सेंटिमीटर म्हणजेच खरी लिफ्टची परीक्षा. स्वस्त लिफ्टचे पाय पूर्ण मिटलेले असतात, फळी जमिनीला चिकटून बसते, गाडी चढवायला फार सोपी दिसते. आणि पहिल्याच पेडलला पंप रडतो.

हे वाचून काही ओळखीचं वाटलं? उकिडवं बसून उठताना पहिली वीतच जड जाते, नंतर माणूस आपसूक उभा राहतो. मांडी आणि पोटरी हीही कात्रीच आहे. माझ्या गुडघ्यांची आणि त्या लिफ्टची तक्रार एकच निघाली.

कात्रीच्या जातीची एक छोटी बहीणही आहे, आट्यांचा जॅक. मोटरकारच्या डिकीत असतो तो. मधून जाणारा लांब स्क्रू फिरवला की चौकट उभी राहते. मोटरसायकलसाठी याचाच रुंद डोक्याचा प्रकार मिळतो. इंजिनखाली सरकवायचा, पान्यानं फिरवायचं. हळू आहे. पण त्याच्यात एक अशी गोष्ट आहे, जी तेलाच्या जॅकला कधीच जमणार नाही. फिरवायचं थांबवा, तो जागच्या जागी थांबतो. ओझं कितीही असो, आटे उलटे फिरून खाली येत नाहीत. कारण आट्यांचा उतार इतका सौम्य ठेवलेला असतो की घर्षण त्याला घसरू देत नाही. आणि यातली गंमत : असा स्वतःच अडकून राहणारा स्क्रू नेहमीच निम्म्याहून जास्त मेहनत घर्षणात घालवतो. जो घालवत नाही, तो धरूनही ठेवत नाही. म्हणजे फिरवताना हातातून गेलेला घाम फुकट गेला नाही. त्यानंच गाडी धरून ठेवलेली असते. मला या यंत्रातलं हे सगळ्यांत सुंदर वाटतं. कंजूष माणसानं आट्यांचा जॅक घ्यावा. पैसेही वाचतात आणि जीवही.

तेलाचा जॅक मात्र फक्त एका पोलादी गोळीवर विसंबून असतो. तेल आत ढकललं की गोळी उचलली जाते, थांबलं की ती आपल्या बसकेवर टेकून वाट बंद करते. गोळीखाली धुळीचा एक कण अडकला, सीलला चीर पडली, तर तेल थेंबाथेंबानं परत जातं आणि गाडी अर्ध्या तासात दोन बोटं खाली बसते. कधी कधी सगळं एकदमच सुटतं. पंक्चरवाल्या पोरानं ओंडका लावला तो यासाठी. चांगल्या रॅम्पला हा ओंडका अंगचाच असतो : बाजूला दाते किंवा भोकं असलेली पट्टी आणि त्यात अडकणारी लोखंडी दांडी. लिफ्ट हवी तेवढी वर न्यायची, दांडी घालायची, तेलाचा दाब किंचित सोडून भार दांडीवर टेकवायचा. मग तेल गेलं तरी गाडी जागेवर. निपाणीच्या त्या पोरानं केलेलं अगदी तेच, फक्त इथं ओंडका यंत्रात बसवलेला.

म्हणून माझी पहिली अट ठरली : कुलूप नाही तर लिफ्ट नाही. हे ठरल्यावर बाजारातल्या निम्म्या गोष्टी आपोआप बाद झाल्या. उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरनं, नाव नको, मला सांगितलं, “सर, दीड टनाचा सिलिंडर घालतो, कुलूप कशाला पाहिजे?” दीड टनाचा सिलिंडर म्हणजे दीड टन उचलणारा. धरणारा नाही. मी त्याला ट्रॉलीची गोष्ट सांगितली. तो हसला आणि म्हणाला, “मग कुलूपही घालू की.” माणूस चांगला होता, पण ज्याला ही गोष्ट आधी सुचली नाही त्याच्या लिफ्टखाली मी हात घालणार नव्हतो.

दुसरा प्रश्न गाडीच्या पोटाचा. टेबलासारखा रॅम्प चाकांखालून उचलतो, त्याला पोटाशी देणंघेणं नाही. पण इंजिनखाली सरकवायचा जॅक घ्यायचा असेल, तर गाडी आधी वाकून बघावी. स्प्लेंडरसारख्या गाडीत इंजिनखालून दोन नळ्या जातात, पाळण्यासारख्या. जॅकचं डोकं त्यांच्यावर ऐसपैस बसतं. जुन्या बुलेटमध्ये पुढची नळी इंजिनपाशी येऊन संपते, इंजिन स्वतःच चौकटीचा भाग असतं. खाली टेकायला उरतं काय, तर अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन आणि त्याचा ड्रेन प्लग. तिथं जाड लाकूड घालून, जपून. काही गाड्यांच्या पोटाखाली सायलेन्सरच पसरलेला असतो. त्यांना हा जॅक नकोच. स्कूटरला तर कंपनीनं डबल स्टँड दिलेलाच असतो, तो वापरावा.

जॅक कुठं लावायचा, म्हणजे गाडीचा समतोल कुठं आहे, हे शोधायला एक खेळ आहे. बाथरूमचे दोन वजनकाटे घ्या, एक पुढच्या चाकाखाली, एक मागच्या. समजा पुढं ९० भरलं आणि मागं १०५. क्लासिकच्या दोन चाकांतलं अंतर १३९० मिलिमीटर. ९० ला १९५ नं भागून १३९० नं गुणा : ६४१. मागच्या चाकाच्या मध्यापासून इतक्या मिलिमीटरवर गाडीचं वजन जणू एका बिंदूत गोळा झालेलं आहे. जॅक त्याच्या आसपास. पण चाक काढलं, की हा बिंदू सरकतो. पुढचं चाक काढलं तर मागं, मागचं काढलं तर पुढं. नवखे लोक इथं फसतात : गाडी छान तोललेली असते, चाक हातात येतं, आणि गाडी हळूच दुसऱ्या बाजूला मान टाकते. रॅम्पवर पट्टे बांधतात ते यासाठीच. पट्टा हँडलच्या खालच्या भागाला, दोन्ही बाजूंनी सारखा, शॉकअ‍ॅब्झॉर्बर थोडे दबतील एवढा ताणून.

तिसरा प्रश्न मी विसरलोच होतो, त्याची आमच्या गवंड्यानं आठवण करून दिली. पडवीची फरशी. शाहाबादी आहे, जुनी. त्यानं चावीनं टकटक केलं. चार फरश्या पोकळ वाजल्या. गाडी उभी असते तेव्हा रबरी चाकं भार पसरवतात. रॅम्पची छोटी लोखंडी चाकं तोच भार, वर रॅम्पचंही वजन, नखाएवढ्या जागेवर देतात. पोकळ फरशी त्याखाली कधीतरी तडकणार, आणि ती तडकायला वेळ निवडेल तो गाडी वर असतानाचाच. त्या चार फरश्या काढून खाली काँक्रीट घालून घेतलं.

पावसाचाही विचार केला. बेळगावचा पाऊस चार महिने भिंतींना घाम फोडतो. लिफ्ट वर सोडून ठेवली की जाड दट्ट्या उघडा राहतो, त्यावर गंजाचे बारीक ठिपके पडतात आणि खाली येताना तेच ठिपके सीलला ओरबाडतात. ठेवताना नेहमी पूर्ण खाली, दट्ट्या पोटात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्ट आहेत, विजेवरच्याही आहेत. कॉम्प्रेसर असेल, रोज दहा गाड्या येत असतील तर जरूर. घरात एका गाडीसाठी पाय पुरतो.

एकदा असंही वाटलं, लिफ्टऐवजी खड्डाच खणावा. आमच्या शहापूर-वडगावच्या विणकरांनी हेच तर केलं होतं. हातमागाखाली खड्डा, पाय त्यात सोडून बसायचं. माग जमिनीला टेकलेला, माणूस खाली. मोठ्या गॅरेजमध्ये ट्रकखाली असतो तो खड्डाही त्याच जातीचा. काम वर न्या किंवा माणूस खाली न्या. बायकोनं विचारलं, पावसात त्या खड्ड्यात बेडूक पाळणार आहात का. लिफ्ट ठरली.

शेवटी घेतली ती हायड्रॉलिक रॅम्प, कुलपाची दांडी असलेली, मागच्या चाकाखालचा पत्रा निघणारी. म्हणजे मागचं चाक खालच्या बाजूनं सरळ काढता येतं. फळी दोन मीटरची, कारण क्लासिकची लांबी २१४५ मिलिमीटर आहे आणि मागचा मडगार्ड बाहेर आला तर बिघडत नाही, चाकं आत बसली की झालं. पेलण्याची क्षमता गाडीच्या दुपटीहून जास्त. सीलचा संच कुठं मिळेल हे आधी विचारून घेतलं. उद्यमबागेतच मिळतो. हे बेळगावात राहण्याचं सुख.

पहिल्यांदा गाडी चढवली तेव्हा निपाणीचा भाचा आला होता आणि शेजारचे अण्णाही कुंपणावरून वाकून बघत होते. पहिली पाच पेडलं जड गेली, मग एकेक सोपं. गाडी छातीएवढी वर आल्यासारखी वाटली. मोजली तर फक्त ७२ सेंटिमीटर. दांडी भोकात गेली, खट्. तेल सोडलं, फळी अर्धा बोट खाली बसून थांबली. भाच्यानं स्टूल ओढलं आणि चेनकडं बघत म्हणाला, “मामा, ही गाडी मी कधी बघितलीच नव्हती की हो.” खरंच होतं. सहा वर्षं मी तिचा वरचाच भाग बघत आलो होतो.

उतरवताना मी व्हॉल्व्ह जरा जास्तच उघडला. वजन जितकं जास्त तितकी लिफ्ट लवकर खाली येते, हे मला माहीत होतं तरी हात घाईत होता. कुंपणापलीकडून अण्णा ओरडले, “हगूर, हगूर!”

हळू, असा त्याचा अर्थ. थोडा उच्चार बदलला की कन्नडात तोच शब्द ‘हलकं’ होतो. मी व्हॉल्व्ह पाव वळसा बंद केला. एकशे पंच्याण्णव किलो फुसफुसत, बैल गोठ्यात बसावा तसे, सावकाश जमिनीवर आले.